दुर्बिणीत सरळ उभी

बसा रे. दार लोटून घ्या. ही माझ्या मेहुण्याची गोष्ट. खोटी वाटली तर त्यालाच विचारा. फक्त अंधार पडल्यावर विचारू नका, शिव्या देतो.

मेहुणा मोजणीदार. शेतांवर नवं शहर वसणार होतं, त्याच्या मुख्य रस्त्याची मोजणी याच्याकडे. बुधवारी सकाळी मोजणीची वही दिली की नोकरी कायम. माझी बहीण तर हवेतच होती. मंगळवारी दुपारी शेतातली एक म्हातारी आली. "दादा, इथे विहीर होती. माझी लेक तोल जाऊन डोक्यावर पडली तिच्यात. हाती लागली नाही. मग विहीरच बुजवली. रस्ता तेवढा बाजूने न्या."

कागदोपत्री विहीर नव्हती. वहीत मांडली, तर सगळी आखणी नव्याने करायची आणि नोकरीचं घोडं अडणार. "बघतो, मावशी," म्हणाला आणि काही लिहिलं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

त्याच संध्याकाळी, अकरा मार्चला, सात चाळीसला शेवटचं माप राहिलं होतं. नेमकं तिथलंच. मदतनीस उंच मोजपट्टी धरून उभा, टॉर्चचा झोत पट्टीवर. नवं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून जुनी दुर्बीण. तिच्यात सगळं उलटं दिसतं. माणसाचे पाय वर, डोकं खाली. सवय होते.

याने डोळा लावला. मदतनीस उलटा. पट्टी उलटी.

शेजारी एक बाई.

सरळ.

डोळा काढला. मदतनीस एकटाच. पुन्हा लावला...

बाई होती. केस वर गेलेले, ताठ.

हसू नका रे. दुर्बिणीत सरळ, म्हणजे तिथे ती कशी होती?

...

हं.

"साहेब," मदतनीस ओरडला, "लवकर घ्या ना. पट्टी कुणीतरी खाली ओढतंय..."

"सोड ती! पळ!"

दोघं पळाले. पट्टी तिथेच.

घरी मेहुणा जेवला नाही. दाराला कडी घालून रात्रभर वही समोर घेऊन बसला. पहाटे त्याने विहीर मांडली. बहिणीला म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ दे." बहीण रडली. आखणी बदलली, नोकरी काही कायम झाली नाही.

पण ते नंतरचं. त्या सकाळी वही घेऊन निघताना त्याने कडी काढली. बाहेर पायरीवर ओले ठसे. पावलांचे नव्हेत, तळहातांचे. एकापुढे एक, दारातून बाहेर निघालेले, बोटं रस्त्याकडे.

आत येतानाचे कुठेच नव्हते.