डब्यातली मूठभर तूर

वहाब जमादारांच्या एका गालावरून वस्तरा फिरला होता, दुसऱ्यावर साबणाचा फेस होता. तेवढ्यात फोन वाजला.

"जमादारभाऊ, असाल तसे या. योगिनीच्या लग्नाचे पैसे गेले!" उकंडराव अडत्यांच्या सरस्वतीबाई एवढंच बोलल्या. फोन बंद.

जमादार तसेच उठले. पोलिसातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चोरीचं नाव निघालं की त्यांचे पाय हुकूम न घेताच चालायला लागत. "अजी, दुसरा गाल तरी उरकून जा!" नसीमाबी मागून ओरडल्या. कोण ऐकतो? साखरखेर्ड्यात सांगतात, त्या सकाळी ज्यांनी जमादारांना उजवीकडून पाहिलं त्यांना वाटलं चाळिशीतला गडी चालला, आणि डावीकडून पाहिलं त्यांनी म्हातारा समजून बसायला पाट मांडला.

प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

योगिनी ही उकंडरावांची एकुलती लेक. चिखलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिचा गोपाल जर्मनीत नर्स होता. त्याला मोठी सुट्टी मिळेना आणि तिथल्या कागदपत्रांचा गुंता सुटेना, म्हणून दोघांनी शेजारच्या डेन्मार्कात नोंदणी लग्न करायचं ठरवलं. तारीख मिळवताना नाकी नऊ आले होते. ती हुकली तर पुढची तारीख योगिनीचा व्हिसा संपल्यावरची.

बजेट पोरीनं स्वतः बसवलं होतं. तिची, आईची, बापाची अशी तीन तिकिटं. तिथल्या कचेरीची फी, राहायला एक खोली, सहा माणसांचं एक जेवण आणि एक फुलांचा गुच्छ. बॅण्ड नाही, मांडव नाही, पंगत नाही. अर्धे पैसे तिच्या पगारातले, अर्धे बापाच्या अडतीतले. मोबाईलमधला पैसा डोळ्यांना दिसत नाही म्हणून उकंडरावांनी सगळी रक्कम रोख आणून स्टीलच्या डब्यात ठेवली होती. आज दुपारच्या आत शेगावच्या तिकीटवाल्या प्रेमला ती द्यायची होती. दुपार टळली की तिकिटाचा भाव बजेटच्या भिंतीवरून उडी मारून जाणार होता.

उकंडरावांच्या दारात पुढे दुकान, मागे घर. जमादार दुकानातूनच शिरले. उकंडराव गादीवर बसले होते. चेहरा उन्हात विसरलेल्या वांग्यासारखा. समोर पायरीवर गहू घ्यायला आलेली कलाबाई, हातात पिशवी.

"भाऊ, घरात चोरी झाली अन् तुम्ही माप घालून राह्यले?" जमादार म्हणाले.

"गिऱ्हाईक परत पाठवू नये, वहाबभाई." उकंडरावांनी बसल्या जागेवरूनच जुनी पायली गव्हात बुडवली आणि कलाबाईच्या पिशवीत ओतली.

"थे तळाचे दाणे कोणासाठी ठेवले? ओता की!" कलाबाई खेकसली.

"राहू दे वं. बरकत असते."

"बरकत! पोरीच्या लग्नाची पंगत तर वाचवलीच, आता माह्या गव्हातही वाचवा." कलाबाईनं पिशवी बांधली. पण उठली नाही. चोरीच्या घरचा तमाशा फुकट सोडून जाईल ती कलाबाई कसली!

उकंडरावांनी पायली बाजूला ठेवली. मग घाईनं म्हणाले, "वहाबभाई, पोलिसात नको. गावात आधीच लोक नावं ठेवून राह्यले."

जमादार आत गेले. मधल्या खोलीत लोखंडी कपाट उघडं होतं. कुलपावर ओरखडा नाही. योगिनी भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, रडायला वेळ कुठे होता?

"चाचा, काल संध्याकाळी मी सगळ्यांदेखत पैसे ठेवले. आईनं कुलूप लावलं. आज प्रेमभाऊ आले म्हणून डबा उघडला, तर हे."

डब्यात एक पैसा नव्हता. तळाशी मूठभर तूर होती. सालीसकट, अख्खी.

"चाबी?"

सरस्वतीबाई म्हणाल्या, "माह्या कमरेलेच राह्यते. फक्त आंघोळीले गेली तवा न्हाणीबाहेर खुंटीले टांगली."

"तवा घरात कोण होतं?"

"योगिनी झोपली होती. हे मागच्या दारानं चहा घ्याले आले अन् दुकानात गेले. माहा भाऊ अविनाश ओसरीत होता, त्याची तूर काल अडतीवर आली, म्हणून मुक्कामी होता. अन् प्रेम आला होता, पासपोर्टच्या झेरॉक्सा न्याले."

"घरात अख्खी तूर आहे?"

"डाळ आहे. अख्खी तूर घेऊन काय करू, पेरू?"

जमादारांनी एक दाणा बोटात फिरवला. चोर पैसे नेतो. तूर कायले ठेवतो? वजन भासावं म्हणून ठेवली म्हणावं, तर मूठभरात काय भासणार? टिंगल म्हणावी, तर टिंगल करायला चोर थांबत नाही.

"चाचा," योगिनी हळूच म्हणाली, "तूर मामाची आहे. पोती अंगणात उभी आहेत."

सरस्वतीबाईंचा चेहरा उतरला. "माहा भाऊ चोर?"

"मी कुठं म्हटलं?" पण म्हटल्यासारखंच होतं.

अविनाशमामा रोहिणखेडचे. अंगणात पोत्याला टेकून, दाताखाली काडी धरून बसले होते.

"राग आहे तुमच्या मनात?" जमादारांनी थेट विचारलं.

"आहे! भाचीच्या मागं मामा उभा नाही, असं लगन पाह्यलं तुम्ही? बजेटात फुलांचा गुच्छ बसला, मामा नाही बसला!"

"म्हणून पैसे काढले?"

"जमादार, मले राग आला की मी ओरडतो. काल रातच्यालेच ओरडलो. चोरायचं असतं तर गप बसलो असतो. अन् आपल्याच तुरीचा पुरावा ठेवाले मी काय येडा आहे?"

"दाजींशी भांडण?"

"त्यांच्याशी कायचं भांडण? मघा निघून जाऊ म्हणून पाया पडाले गेलो, तर गादीवरून उठलेही नाहीत. बसूनच हात वर केला. मेहुण्याची एवढी किंमत!"

जमादारांनी मान हलवली आणि ओसरीत आले. प्रेम सारखा मोबाईल पाहत होता. तरुण, केसाला जेल, कपाळाला घाम.

"तुले माहीत होतं पैसे कुठं आहेत?"

"हाव चाचा. योगिनीताईनंच सांगितलं, डबा तयार आहे म्हणून. पण मी चोरी केली तर माहं कमिशन बुडते, अन् शेगावात दुकान बुडते. माह्याकडून या घराचं एकच काम होऊन राह्यलं, थे असं बुडवू का?" त्यानं स्क्रीन दाखवली. "पाहा, भाव हलून राह्यला. थोडा वेळ आहे."

थोडाच वेळ होता. योगिनीनं गोपालला फोन लावला होता, उचलला जात नव्हता. तिकडे त्याची ड्युटी. तिनं फोन खाली ठेवला आणि जमादारांकडे वळली. "चाचा, या तारखेनंतर लग्न होणार नाही. कुठंच नाही. सगळे म्हणतील, इथंच कर. मग मांडव येईल, कर्ज येईल, अन् गोपाल तिकडंच."

जमादारांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "सगळे दुकानात चला. डबा घ्या."

दुकानात माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. कलाबाई पायरीवर होतीच. जमादारांनी एक रिकामं ताट मागवलं.

"मले ही तूर पाह्याची आहे. प्रेम, ओत ताटात."

प्रेमनं डबा तिरपा केला. तूर खळकन ताटात पडली, दोन दाणे खाली सांडले. जमादारांनी सगळी तूर पुन्हा डब्यात भरली.

"आता मामा, तुम्ही."

अविनाशमामांनी डबा उलटा केला आणि वरून तळाला दोन थापा मारल्या. "घ्या. एक दाणा राह्यला तर सांगा."

पुन्हा तूर डब्यात गेली.

"भाऊ, आता तुम्ही."

उकंडरावांनी बसल्याबसल्या डबा घेतला. सराईत हातानं ओतला, मनगट वळवून सरळ केला आणि बाजूला ठेवला. कलाबाईनं लगेच मान उंचावून डब्यात पाहिलं.

"पाह्यलं? इथंही तळ ठेवला! डब्यातही बरकत!"

कुणी हसलं नाही. जमादार उकंडरावांच्या समोर आले. अर्धी दाढी, अर्धा फेस सुकलेला, तरी त्या क्षणी तो चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"भाऊ, उठा जरा."

उकंडराव हलले नाहीत.

"बाबा?" योगिनी म्हणाली.

"उठा, भाऊ. सकाळपासून तुम्ही उठले नाही. बायको रडली तरी नाही, मेहुणा पाया पडला तरी नाही. पोरीचं लगन मोडून राह्यलं अन् तुम्ही माप घालत बसले. घरात जाऊन रिकामा डबा पाह्यला नाही, कारण तो रिकामा कसा झाला थे तुम्हाले माहीत होतं."

"वहाबभाई..."

"चोराले डबा रिकामा सोडवला नाही. मी म्हटलं, बाईचा हात असेल. बाया शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. पण बाई असती तर साखर ठेवती, तांदूळ ठेवती. चुलीजवळ जे असते थे. अख्खी तूर घरात नाही. मग कोणाच्या खिशात असते? अंगणात पोती आहेत म्हणून आपण मामाकडं पाह्यलं. पण मामा शेतकरी माणूस. त्याचा हात डबा ठोकून रिकामा करते. त्याच तुरीची वानगी काल मूठभर कोणी काढली? अडत्यानं. भाव ठरवाले. थे खिशातच राह्यली. अन् अडत्याचा हात माप कधी पुरतं रिकामं करत नाही. पैसे काढले, अन् डब्याचा तळ उघडा पाहून हात आपोआप खिशात गेला. तुम्हाले ठाऊकही नसेल, भाऊ, तुम्ही काय ठेवलं थे."

सरस्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला. उकंडराव सावकाश उठले. ते उठले म्हणण्यापेक्षा गादी त्यांच्याखालून सुटली म्हणावं. जमादारांनी गादीचं टोक उचललं. खाली पिवळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"काऊन, बाबा?" योगिनीचा आवाज अगदी सपाट होता. "नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं."

"तुले नाही म्हणता आलं असतं तर चोरी केली असती का, बाई?" उकंडराव गाठोड्याकडे पाहत म्हणाले. "या गावात एक लगन असं नाही जिथं मी जेवलो नाही. बुंदी खाल्ली, वांग्याची भाजी खाल्ली, वरून मागून घेतली. लोक म्हणत, खाय उकंडा, तुह्या पोरीच्या लग्नात आम्ही वसूल करू. आता मी विमानात बसून जाऊ, अन् गाव उपाशी? मले वाटलं तारीख हुकली की तूच म्हणशील, इथं करू. मग पैसे सापडले असते. कुठं तरी."

"अन् नाव मामावर गेलं असतं."

अविनाशमामांनी तोंडातली काडी थुंकली आणि पाठ फिरवली.

"ताई," प्रेम कळवळून म्हणाला, "भाव!"

योगिनीनं गाठोडं सोडलं. दोन तिकिटांचे पैसे प्रेमसमोर ठेवले. तिसऱ्या तिकिटाचे बापासमोर.

"मी अन् आई जाऊन राह्यलो. हे तुमचे. यात गाव जेवू घाला नाही तर तिकीट काढा. दोन्ही बजेटमध्ये बसत नाही. ठरवा. आत्ता."

"बाई, थोडं इकडून-तिकडून..."

"नाही, बाबा."

उकंडरावांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. जमादारांकडे पाहिलं. जमादार दाढीचा सुकलेला फेस खरवडत होते. शेवटी त्यांची नजर पायरीवर गेली.

"कलाबाई, पंगत नाही घातली तर?"

"नावं ठेवू," कलाबाई ठसक्यात म्हणाली.

"किती दिवस?"

"तू मरेपर्यंत!" मग तिनं गव्हाची पिशवी मांडीवर ओढली आणि आवाज जरा उतरवला. "पण लेकीच्या लग्नात बाप नव्हता, तर उकंडा, तू मेल्यावरही ठेवू."

उकंडरावांनी समोरच्या नोटा दोन्ही हातांनी उचलल्या आणि प्रेमच्या हातात ठेवल्या.

"तीन काढ, बेटा."

प्रेमनं बटण दाबलं. स्क्रीनवर चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. सगळं दुकान श्वास धरून त्या चाकाकडे पाहत होतं. मग ते थांबलं.

"झाले! तिन्ही झाले!" प्रेमनं घाम पुसला. "सीट कोणाले कोणती देऊ?"

योगिनीनं बापाकडे पाहिलं नाही. "खिडकी आईले," ती म्हणाली, "मी मधात. बाबाले कडेची. मामाचे पाय धरून माफी मागितली, तर."