पोपच्या घोड्याचा लगाम

मोंतेवेर्दोच्या डोंगरावर त्या दिवशी पहाट झाली ती नेहमीसारखी पूर्वेकडूनच. किल्ल्यात मुक्कामाला असलेल्या नऊ कार्डिनलांची संमती न घेता त्या महिन्यात पार पडलेली ती एवढीच गोष्ट. खाली दरीत, ऑलिव्हच्या बागा तोडून पसरलेल्या बादशाही छावणीतून धूर वर चढत होता. तटावरचे पहारेकरी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवीत उभे होते. आणि डोंगरातून खापरी नळाने किल्ल्यात येणारे पाणी शत्रूने वाटेतच अडवून ओढ्याला सोडल्यापासून, रिकाम्या टाक्यांच्या काठावर गावातल्या बाया घागरी ओळीने मांडून बसल्या होत्या. पाणी नव्हते, पण म्हणून कोणी आपली पाळी सोडते काय?

रोमचे पोप निवर्तले होते. नवा पोप कोणाचा असावा यावरून रोमच्या रस्त्यांत तलवारी उपसल्या गेल्या, तेव्हा तो निवडण्याचा हक्क असलेले हे नऊ धर्माधिकारी लाल वस्त्रे सावरीत या गडावर येऊन राहिले, आणि त्यांच्या मागोमाग बादशहाचा सरदार वोल्फहार्ड फौजेनिशी येऊन वेढा घालून बसला. त्याचे म्हणणे साधे होते: कार्डिनल उगुच्चियोने हे पोप झाले की पाणी सुटेल. नवांपैकी चौघे उगुच्चियोने यांच्या बाजूचे, म्हणजे बादशहाचे. चौघे कार्डिनल आन्सेल्म यांच्या बाजूचे, म्हणजे फ्रान्सच्या राजाचे. नववे वृद्ध तेओदिनो. ते कोणाचेच नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते. डोंगरातल्या आपल्या मठात परत जावे आणि अंगणातल्या अक्रोडाखाली डोळे मिटावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

सूर्य वर आला तसा किल्लेदार बेरार्दो निवडणुकीच्या दालनात येऊन गुडघ्यावर बसला.

"स्वामी, टाक्यांत गाळ तेवढा राहिला आहे. कोणालाही निवडा, पण आज निवडा."

"किल्लेदार," द्राक्षासवाचा पेला खाली ठेवीत उगुच्चियोने म्हणाले, "पवित्र आत्म्याला घाई करता येत नाही."

"आत्म्याचं नाही म्हणत मी. गावाचं म्हणतोय."

"आम्हीही तहानलेलेच आहोत," आन्सेल्म म्हणाले आणि पेला पुन्हा भरून घेतला.

त्या सकाळी मात्र दोन्ही गोटांत खलबत झाले, आणि दोन्हीकडच्या धुरंधरांना एकच युक्ती सुचली. नियमाप्रमाणे सहा मते लागत. स्वतःची चार होती. तेव्हा पहिल्या फेरीत चारही मते त्या म्हाताऱ्याला अर्पण करावीत. माणूस आहे, विरघळेल. दुसऱ्या फेरीत त्याचे पाचवे मत आपल्याकडे येईल, आणि पारडे झुकलेले पाहून समोरचा एखादा घाबरट सहावे आणून देईल. मसलत इतकी गुप्त राहिली की एका गोटाची दुसऱ्याला शेवटपर्यंत कुणकुणही लागली नाही. गुप्तता पाळण्यात ती मंडळी खरोखरच निष्णात होती.

चिठ्ठ्या उघडल्या. तेओदिनो. तेओदिनो. पुन्हा तेओदिनो. सहाव्या चिठ्ठीला उगुच्चियोने यांचा चेहरा उतरला. आठव्यापर्यंत आन्सेल्म यांनी डोळे मिटून घेतले होते. नववे मत आन्सेल्म यांना पडले होते. ते तेओदिनोंचे. शेजारची खुर्ची त्यांची होती, म्हणून.

दिलेले मत परत घेता येत नसे. उरली होती ती एकच आशा: निवडलेल्याने नकार द्यावा.

"महाराज, प्रकृतीकडे पाहावं," उगुच्चियोने विलक्षण मायेने म्हणाले. "नाही म्हणण्यात मुळीच कमीपणा नाही."

म्हाताऱ्याने दाराशी उभ्या बेरार्दोकडे पाहिले. "मी नाही म्हटलं तर?"

"पुन्हा मतदान, महाराज."

"आणि पाणी?"

बेरार्दोने खिडकीतून टाक्यांच्या काठावरच्या रिकाम्या घागरींकडे बोट दाखवले.

"मान्य आहे," तेओदिनो म्हणाले. पोप झाल्यावर नवे नाव कोणते घेणार, असे विचारले तेव्हा म्हणाले, "आहे तेच राहू द्या. नवीन लक्षात राहायचं नाही."

वोल्फहार्डकडे निरोप गेला. उत्तर आले की असला पोप आम्ही ओळखत नाही. तेव्हा तेओदिनोंनी घोडा मागवला. नवा पोप प्रथमच स्वार होऊन निघाला की हजर असलेल्या सर्वांत थोर सरदाराने, प्रत्यक्ष बादशहाने सुद्धा, त्याच्या घोड्याचा लगाम धरून काही पावले चालायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

"त्याने लगाम नाही धरला तर?" बेरार्दोने विचारले.

"तर त्याचे शिपाई बघतील. त्यांना नरकाची भीती आहे. आपल्या त्या दालनात ती फारशी कुणात दिसली नाही. मला जरा वर चढवा हो, मी आजवर मेण्यातच बसलोय."

दरवाजा उघडला. आयाळ घट्ट धरून बसलेला तो कृश वृद्ध एकटाच उतारावरून खाली निघाला, आणि छावणीच्या पहिल्या रांगेतला एक भालाईत नकळत गुडघ्यावर आला. मग त्याच्या शेजारचा, मग सारी रांग, आणि पाहता पाहता वाऱ्याने पीक लवावे तशी ती फौज लवली. मध्ये एकटा वोल्फहार्ड उभा राहिला. त्याने आपल्या माणसांकडे पाहिले, पुढे झाला आणि लगाम धरला.

"सरदार, गावाचं पाणी सोडा," पोप सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले.

"जशी आज्ञा, महाराज."

वोल्फहार्डने हात उंचावला. माणसे नळाकडे धावली. तो लगाम धरून चालू लागला. काही पावले झाली, आणखी काही झाली, छावणीचा मध्य मागे पडला.

"रीत थोड्याच पावलांची आहे, सरदार."

"भक्तीला मोजमाप कसलं, महाराज?" वोल्फहार्ड वळूनही न पाहता म्हणाला आणि घोडा उत्तरेच्या वाटेला लावला.

तटावरून बेरार्दोने ते पाहिले. दरवाजा उघडून स्वार सोडावेत, तर शत्रू आत शिरेल आणि पाणी पुन्हा तुटेल. तो धावत दालनात गेला. आन्सेल्म यांना अतोनात दुःख झाले. परंतु पोपच्या आज्ञेवाचून ठराव करता येत नसल्याचे त्यांनी सखेद सांगितले. तेवढ्यात खाली टाक्यांकडे आरोळी उठली. पाणी आले होते. बाया घागरींवर तुटून पडल्या. दरवाजाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती, आणि त्यांना दोष तरी कोण देणार?

पोप तेओदिनो उत्तरेच्या एका किल्ल्यात पुढल्या हिवाळ्यात वारले. तोवर दर वेळी मुक्काम हलवताना वोल्फहार्डने स्वतः लगाम धरला. रीतीत कसूर केली असे त्याच्याविषयी कोणालाही म्हणता आले नाही.

बातमी पोचताच उरलेले आठ कार्डिनल निवडणुकीसाठी मोंतेवेर्दोला परत यायला निघाले. किल्लेदार बेरार्दोने, कोणालाही न विचारता, आधी सगळी टाकी काठोकाठ भरून घेतली.