जरा खालचा सूर

त्याचा चेहरा दिसायच्या आधी मला त्याचा आवाज भेटला, तोही थेट कानात. मी स्टुडिओत काचेच्या अलीकडे माइकसमोर उभी होते. कानांवर हेडफोन, हातात गाण्याचा कागद.

“पुन्हा एकदा,” काचेपलीकडून कुणीतरी म्हणालं.

“कशाला?” मी विचारलं. “हे कच्चं गाणं आहे. उद्या मोठ्या गायिका येतील, माझं ऐकून चाल बसवतील, मग खरं गाणं होईल आणि माझं पुसलं जाईल.”

“पुसायचंच आहे… पण पुसताना वाईट वाटावं असं तरी गा.”

मी मान वर करून पाहिलं. नवा रेकॉर्डिस्ट होता. बाह्या दुमडलेल्या, केस कपाळावर, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा गंभीर. मला हसू आलं. मी पुन्हा गायले. खरं सांगायचं तर जरा भाव खातच गायले.

चार वर्षं मी हेच काम करत होते. ‘साधं गा, स्वतःचं काही घालू नकोस,’ एवढीच सूचना असायची. ज्या मावशीनं मला लहानाचं मोठं केलं, ती हॉस्पिटलात नर्स होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. “लोकांची ताटं वाढून झाली असतील तर स्वतः कधी बसणार?” असं ती दर आठवड्याला विचारायची.

माझं स्वतःचं एक गाणं होतं. शब्द माझे, चाल माझी. ते मी कुणालाच ऐकवलं नव्हतं. त्याला ऐकवलं, स्टुडिओच्या जिन्यात, हातात चहाचे कागदी कप धरून.

“दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर उतरतोय,” तो म्हणाला.

“उतरत नाही. मी उतरवते.”

“का पण?”

“ती मुलगी घर सोडून निघालीय. दाराशी पाय अडणार की नाही? म्हणून सुराच्या जरा खाली थांबायचं… आणि मग वर यायचं.”

तो कपात बघत राहिला. “आणि निघताना तिला कुणी थांबवलं तर?”

“तर गाणं लांबेल.”

“मला लांब गाणी आवडतात,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. चहा गार झाला तरी आम्ही दोघंही उठलो नाही.

पुढच्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत, स्टुडिओच्या मालकांना विचारून, आम्ही ते गाणं रेकॉर्ड केलं. त्यानं ते एका संगीत कंपनीकडे पाठवलं. दहा दिवसांनी कंपनीचा फोन आला. माझ्या नावानं, माझ्या आवाजात तीन गाणी काढायची होती. बातमी ऐकून मी जिन्यात त्याचा हात धरला तो सोडायचंच विसरले. त्यानंही आठवण करून दिली नाही.

कंपनीच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. प्रमुख बाई फार प्रेमानं बोलल्या. करार पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “आधी ऐकूया. आम्हाला हाच आवाज हवाय.”

गाणं सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी ओळ… आणि शेवटचा सूर सरळ, गुळगुळीत, जिथे असावा तिथेच. कुणाचाही पाय कुठे अडला नाही. मुलगी चालत निघूनही गेली.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कॉम्प्युटरवर सूर वर ओढता येतो. त्यानं तो ओढला होता.

“हा आवाज माझा नाही,” मी म्हणाले. “मी गायलंय ते वेगळं आहे.” आणि तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, ती ओळ गाऊन दाखवली.

बाई हसल्या. “छान आहे. पण लोकांना तो बेसूर वाटेल. एका सुरासाठी अडून बसणार का?”

“हो. एका सुरासाठी.”

“विचार करा. रविवारपर्यंत वाट बघते.”

बाहेर रस्त्यावर त्यानं मला गाठलं. “त्यांनी नाही म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं गं. इतक्याशा सुरापायी तुझं अडू नये म्हणून…”

“केस विस्कटलेले असते तर नीट केलेस म्हणून आभार मानले असते. तू माझं नाक बदललंस, आणि तेही मला न विचारता.”

मी रडत घरी गेले, कारण मला तो हवा होता आणि त्याचा भयंकर रागही आला होता. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. “तोंडचा घास आहे,” ती म्हणाली. “पण गिळवत नसेल तर थुंकून टाक. उपाशी कुणी मरत नाही, मी कमावते अजून.”

शनिवारी मी बाईंना फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग कोपऱ्यावरच्या वाचनालयाचा छोटा हॉल रविवार संध्याकाळसाठी घेतला आणि ओळखीच्या सगळ्यांना बोलावलं. सव्वीस जण आले. सत्ताविसावा तो, खांद्यावर माइकची पेटी घेऊन.

“रेकॉर्ड करू का?” त्यानं विचारलं. “जसं होईल तसंच ठेवीन. कंपनीलाही कळवलंय की ती करामत माझी होती, तुझी नव्हे.”

“मालकांना कळलं?”

“कळलं. भरपूर बोलणी खाल्ली.”

मी मान हलवली. त्यानं माइक उभा केला, माझ्या उंचीला आणला, आणि तिथेच उभा राहिला.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “दुरुस्त करून नाही. आहेस तशी.”

समोरच्या सव्वीसही माना वर झाल्या. त्याचं वाक्य हॉलभर ऐकू गेलं होतं.

“माइक चालू आहे,” मी पुटपुटले.

“माहीत आहे. मीच चालू केलाय.”

मावशी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती. मी माइक जवळ ओढला.

“मी तुला अजून माफ केलेलं नाही,” मी सगळ्यांदेखत म्हणाले. “आणि मलाही तू आवडतोस. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आता बाजूला हो, मला गायचंय.”

हॉल हसला. तो बाजूला झाला. मी डोळे उघडे ठेवून गायले, मला हवं तसं, कुणाला पटो न पटो.