कोरडा हात

होडी मिळेल तुम्हाला, उद्या सकाळी आठला. मोटरमध्ये तेल भरून ठेवते. जानेवारीत बुल ट्राउट माशाच्या मागे लागणारे तुमच्यासारखे वेडे दर वर्षी पाच-सहा तरी येतातच, आणि मी कुणाला नाही म्हणत नाही. फक्त पलीकडे तो काळा कडा दिसतो ना, त्याच्याखाली ओढा येऊन सरोवराला मिळतो, तिकडे जायचं नाही. हिवाळ्यात तिथे गळ टाकायला बंदी आहे, पण मी म्हणते ते बंदीमुळे नाही. बूट वाळताहेत तुमचे, तोवर शेगडीपाशी बसा. सांगते.

गॅलन माझा धाकटा भाऊ. लाकडाच्या गिरणीत त्याच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं गेलं होतं, तरी त्या हाताने तो गळाला लावायच्या, हरणाच्या शेपटीच्या केसांच्या अशा खोट्या माश्या बांधायचा की मासा काय, माणूसही फसावा. मासे तो सोडूनच द्यायचा. आणि सोडायचा मासा कुणी कोरड्या हाताने धरला की त्याचं डोकं फिरायचं. "आधी हात बुडव, गाढवा!" असं तो आलेल्या पाहुण्यांनाही ओरडायचा. त्याचं बरोबरच होतं. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. कोरडा हात लागला की तो निघतो, आणि चार-पाच दिवसांत तिथे पांढरी बुरशी चढते. बोटं जिथे लागली, बरोबर तिथे. मासा जिवंतपणी कुजतो.

गेल्याच्या गेल्या जानेवारीत तो व्हर्नबरोबर मासे धरायला गेला. व्हर्न त्याचा लहानपणापासूनचा मित्र. शहरातल्या लोकांना मासेमारीला न्यायचं हा त्याचा धंदा, आणि त्याचा परवाना त्याने फ्रेम करून बैठकीत लावलेला. त्या संध्याकाळी व्हर्न एकटा परत आला, नखशिखान्त भिजलेला, रडत. म्हणाला, इकडच्या काठाला निस्बेटचं टोक आहे त्याच्यासमोर, भर सरोवरात, गळाच्या काठीला दोरी ओवायच्या कड्या असतात त्यांतला बर्फ काढायला गॅलन उभा राहिला आणि तोल जाऊन पडला. वर आलाच नाही.

सहा दिवस पोलिसांनी आणि गावाने तिथलं पाणी ढवळलं. आमचं पाणी खोल आणि थंड, ते माणूस परत देत नाही, म्हणून सातव्या दिवशी सगळे घरी गेले. आणि गावाने काय करावं? व्हर्नच्या घरी जेवणाचे डबे पोहोचवले! बिचारा कसा वाचला म्हणून. कॉफीच्या दुकानात तो ती गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी एकाच वाक्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई रोज झोपताना मला एकच विचारायची, "थोरा, त्याला फार थंडी वाजली असेल का गं?" मी काय सांगणार होते? तो कुठे आहे तेच मला माहीत नव्हतं. ते कळेपर्यंत मला झोप लागणार नव्हती.

कारण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. जानेवारीत निस्बेटच्या टोकासमोर, दोनशे मीटर खोल पाण्यावर, माशीचा गळ कोण टाकतो? या दिवसांत मासे ओढ्यांच्या तोंडाशी काठाला येतात. हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि गॅलनला कळत नव्हतं?

वर्ष झालं त्या दिवशी आईने देवदाराच्या फांद्यांचा हार बांधला. तो घेऊन मी कॉफीच्या दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर व्हर्नला म्हणाले, "चल. जागा दाखव. आईचा हार सोडायचाय."

"थोरा, मला आता पाण्यावर जायची हिंमतच होत नाही गं..."

"उन्हाळ्यात कॅल्गरीचे पाहुणे घेऊन रोज जायचास तेव्हा होत होती की! पैसे दिले की हिंमत येते होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. चार लोकांत नाही म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून आला. अंगात नवा कोरा केशरी कोट, तोही गावाने वर्गणी काढून घेऊन दिलेला.

सकाळी अकराला निघालो. उणे नऊ होतं. धुकं पाण्यावर असं बसलेलं की होडीचं टोक दिसत होतं आणि त्यापुढे काही नाही. मोटरचा दांडा माझ्या हातात होता. निस्बेटच्या टोकासमोर व्हर्न म्हणाला, "इथेच." मी हार सोडला. त्याने टोपी काढली, डोळे मिटले. मी वाट पाहिली नाही, मोटर सुरू केली आणि होडी पलीकडे वळवली.

"कुठे चाललीस?"

"ओढ्यावर. गॅलनची काठी आणलीय. त्याच्या नावाने एक मासा धरते आणि सोडते."

"तिथे बंदी आहे, थोरा!"

"धुक्यात कोण बघतंय?"

त्याने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

कडा दिसला नाही, वासावरून कळला. ओल्या दगडाचा, आणि त्यात मिसळलेला विझलेल्या लाकडांचा वास. त्या काठाला वस्ती नाही, रस्ता नाही. मी मोटर बंद केली. ओढ्याची खळखळ तेवढी ऐकू येत होती. मी माशी फेकली, दोरी बुडू दिली, हळूहळू ओढली. कड्यांत बर्फ धरला की काठी पाण्यात बुडवायची, पुन्हा फेकायची. तिसऱ्या खेपेला मासा लागला.

चांगला दांडगा होता. मी हात बुडवून त्याला होडीच्या कडेला धरला, आणि तसाच धरून राहिले. पाठीवरून पोटाकडे पांढऱ्या बुरशीचे पट्टे होते. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. एक बोट अर्धं.

"बुरशी आहे," व्हर्न म्हणाला. मी विचारलंही नव्हतं. "कुणीतरी कोरड्या हाताने धरला असेल..."

मी मासा सोडला आणि पुन्हा माशी फेकली. दुसरा मासा लगेच आला, वाट बघत असल्यासारखा. त्याच्यावरही तोच हात. पण बुरशी नुकती धरू लागलेली, राखाडी, केसाएवढी. परवाची असेल. तिसराही मी हात बुडवून धरला. त्याच्यावर बुरशीच नव्हती. फक्त अंगावरचा थर पुसला गेला होता, साडेतीन बोटांएवढा, आणि तिथली कातडी अजून कोरी चकचकीत होती. त्या माशाला कुणीतरी त्याच सकाळी धरलं होतं.

मी भ्यायले, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या आधी मला राग आला, कारण एक गोष्ट लख्ख कळली. सोडायचा मासा धरताना गॅलन मरायला टेकला असता तरी हात ओला केल्याशिवाय राहिला नसता. हात कोरडा कोण ठेवतो? ज्याला मासा खायचाय तो, निसटू नये म्हणून. आणि बुडालेल्या माणसाचा हात कोरडा राहत नाही.

"व्हर्न," मी म्हणाले, "तो काठावर पोहोचला होता."

त्याने दोन्ही हातांनी होडीची कड धरली.

"या काठावर. बोल!"

"लाट आली... होडी अर्धी भरली. तो पाण्यात पडला, पोहत काठाला गेला. मी मोटर चालू करत होतो... तो ओरडत होता कड्याखालून. अंधार पडत होता, थोरा. वाटलं, माणसं घेऊन येतो."

"मग निस्बेटचं टोक का सांगितलंस?"

"इथे बंदी... परवाना गेला असता ना. दोन मुली शिकतायत माझ्या. वाटलं, रात्री गुपचूप परत येऊन त्याला नेतो. मग वादळ सुटलं दोन दिवस... मग वाटलं, आता काय उपयोग..."

सहा दिवस. सहा दिवस सगळ्या गावाने भलत्याच पाण्यात दोरखंड फिरवले, आणि माझा भाऊ इथे हातांनी मासे धरायचा प्रयत्न करत बसला होता. एका कागदासाठी! भिंतीवर टांगायच्या कागदासाठी! तो फ्रेममध्ये शाबूत राहिला, आणि वर हा माणूस आमच्या आईच्या हातचं जेवणसुद्धा जेवून गेला होता.

मी वल्ह्यांनी होडी काठाला लावली. दगडगोट्यांचा चिंचोळा काठ, त्यावर घोटाभर बर्फ. "उतर, होडी धर," मी म्हणाले, आणि तो सवयीने उतरला. मी वल्हं दगडाला टेकवलं आणि होडी मागे ढकलली.

"थोरा? ए थोरा, चेष्टा नको हं..."

"बस जरा. कसं वाटतं ते बघ."

मला त्याला मारायचं नव्हतं. मी तीस-चाळीस हात आत गेले, थर्मासमधली कॉफी ओतली. कॉफी संपली की परत जायचं, एवढंच मनात होतं. तो ओरडत राहिला. शिव्या दिल्या, देवाचं नाव घेतलं, मुलींची नावं घेतली. मी कॉफी पीत राहिले. मला बरं वाटत होतं, तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

मग ओरडणं मधेच तुटलं.

थोड्या वेळाने त्याचा आवाज पुन्हा आला, पण हळू. माझ्याशी बोलत नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा बोलत होता. "हो... हो रे... घे ना... घाल हे... हात वर कर... असं..." धुक्यात शब्द अगदी कानाशी आल्यासारखे येत होते. आजाऱ्याला कपडे घालताना आपण बोलतो, तसा सूर. दुसरा आवाज नव्हता. पण तो मधे मधे थांबत होता, उत्तर ऐकल्यासारखा.

मी वल्ही मारत काठाकडे गेले. काठ मिळेना. समोर नुसता कडा, उभा, पाण्यातून वर गेलेला. डावीकडे गेले, उजवीकडे गेले. "व्हर्न! व्हर्न!" म्हणून घसा बसेस्तोवर ओरडले. ओढ्याची खळखळ सगळीकडून यायला लागली. सूर्य आमच्याकडे तीनलाच डोंगराआड जातो. उजेड गेला तेव्हा मी मोटर लावून सरळ पोलिसांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याला कुठे सोडलं, का सोडलं, सगळं. खरी जागा सांगितली, पहिल्याच तासाला. ते तेव्हाच निघाले होते, पण धुक्यात त्यांनाही काठ मिळाला नाही.

सकाळी धुकं हटलं आणि ते गेले. बर्फात पावलं होती, एकाच माणसाची, पाण्यापासून कड्यातल्या कपारीपर्यंत. परतीची नव्हती. कपारीत गॅलन होता. मरून वर्ष झालेला, नुसती हाडं, भिंतीला टेकून बसलेली. अंगात व्हर्नचा केशरी कोट, दोन्ही बाह्या नीट घातलेल्या, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. व्हर्न नव्हता. पाणबुडे आले, कुत्री आली. अजून सापडलेला नाही. त्याची बायको मला रस्त्यात गाठून विचारते, कुठे सोडलंस, खरं सांग. मी खरंच सांगते. तिला ते पटत नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. खटला चालू आहे माझ्यावर. चालू दे.

गॅलनला पोलिसांच्या बोटीतून इकडच्या धक्क्यावर आणलं तेव्हा मी तिथेच उभी होते. सकाळपासून उणे चौदाच्या वर पारा गेला नव्हता. कॉन्स्टेबल ट्रेलोर माझ्याजवळ आला. सरळ माणूस, उगाच बोलणारा नाही. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाला, "बाई, हे मी कागदावर लिहिलेलं नाही... तिथे कपारीत ओळख पटवायला मी कोटाची चेन जरा उघडली. आत ऊब होती. माणसाने अंगातून नुकताच काढलेला कोट असतो ना... तशी."

मी त्याला बाजूला सारलं आणि कोटात हात घातला. दुपारचे दोन वाजले होते. ऊब अजून होती.