भुई तिची, छप्पर मामाचं

खोटं वाटत असेल तर बोथ गावी जा आणि माझ्या सोनामामीला विचारा. ती त्या दुपारी तिथंच होती.

साल १९८८. मिरगाचा पाऊस तोंडावर आलेला. ऊन मी म्हणत होतं.

अमृतमामाच्या घरामागं भाड्याची एक खोली होती. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. तिथं विठाबाई राहायची, कापसाच्या जिनिंगात कामाला जाणारी एकटी बाई. बोली साधी होती. भुई भाडेकरणीनं सारवायची, मिरगाआधी कवेलू मालकानं फेरायचे, म्हणजे सरकलेले उचलून नीट बसवायचे.

विठाबाईची भुई अशी, की सांडलेलं पीठ उचलून भाकर थापावी.

मामा मात्र दोन उन्हाळे नुसता म्हणत राहिला, "येत्या हप्त्यात फेरतो."

शेवटी अंथरुणात पाणी आलं, तेव्हा बाई स्वतःच वर चढली.

वासा सडका होता... मोडला.

विठाबाई गेली.

लोक जमले. मामानं हात वर केले. म्हणाला, "मी तिले चढाले सांगतलं नव्हतं."

खरंच होतं ते. पण त्या दिवसापासून मामा चारचौघांत मान वर करून बोलला नाही. त्यानं वासा तेवढा बदलला, खोलीला कुलूप घातलं. कवेलू तसेच राहिले.

वर्षानं, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या त्या दुपारी, चंपाबाई खोली बघायला आली. नवरा मास्तर, नार्नूरहून बदलून आलेला. कडेवर लेकरू. मामानं कुलूप काढलं.

आत... ओल्या शेणाचा वास.

भुई सारवलेली होती. बोटांचे फराटे अजून ओले.

मामीनं मामाकडं पाहिलं. किल्ली वर्षभर मामाच्याच कमरेला होती.

चंपाबाईला काय ठाऊक! ती खूश झाली. "काका, किती चांगली ठेवली भुई तुमी. असा मालक कुठं भेटते?"

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे माझं काम नाही बाई, एवढंच सांगायचं होतं. पण मेलेल्या बाईच्या कष्टाची शाबासकी त्यानं गुपचूप घेतली. आजही तो हे सांगताना जमिनीकडं बघतो.

मग चंपाबाईनं वर पाहिलं. कवेलूंच्या फटींतून कवडसे पडत होते. पावसाचं काय, तिनं विचारलं.

सवयीनं मामाच्या तोंडून निघून गेलं, "येत्या हप्त्यात फेरतो."

खळ्ळ...

वर एक कवेलू सरकला.

माकड असेल, असं वाटलं.

खळ्ळ... दुसरा. मग त्याला लागून तिसरा. माकड काही ओळीनं कवेलू फेरत नाही.

एकेक कवडसा बुजत चालला. आवाज सरकत सरकत त्या वाशाकडं निघाला, जिथून ती पडली होती...

मामा अनवाणी अंगणात धावला. छपरावर कोणी नव्हतं. कवेलू मात्र हलत होते.

मामानं हात जोडले. बायकोसमोर, परक्या बाईसमोर, लेकरासारखा रडत म्हणाला, "उतर माय विठाबाई. चूक माही हाय. ते काम माहं हाय. मी चढतो."

आवाज थांबला.

मामा चढला. दिवस मावळेपर्यंत त्यानं छप्पर फेरलं. पहिल्या ओळीवर शेणाची ओली बोटं उमटली होती. ती त्यानं पुसली नाहीत.

चंपाबाई राहायला आली नाही. नंतर कोणीच आलं नाही. भुई अजूनही सारवलेली सापडते. कोण सारवतं, हे आम्ही विचारायचं सोडून दिलं.

दहा वर्षं झाली. मामाचे गुडघे गेले. तरी दर मिरगाआधी तो शिडी लावतोच. माणूस लावा, असं मामी कितीदा म्हणाली. तो ऐकत नाही.

यंदा मात्र तापानं तो अंथरुणाला खिळला, आणि आभाळ आधीच भरून आलं. मी त्याला बघायला गेलो होतो. दुपारी आम्ही त्याच्या अंथरुणाशीच जेवायला बसलो. मामाचा घास हातातच थांबला.

मागून... खळ्ळ...

मामा उष्ट्या हातानंच शिडीकडं निघाला.