मधली कळी

चष्मेवाल्याचं पहिलंच पाऊल पडलं ते थेट शेवंतीच्या वाफ्यात.

"हलू नका!"

अशी आरोळी आली, की बिचारा एका पायावर थिजला. अर्धा तास तसाच उभा होता म्हणतात. मी म्हणतो, पाऊण.

आरोळी चिमटीची. रोपवाटिकेच्या आबांची ही लेक. नखाच्या चिमटीत कळी धरून खुडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून हे नाव. तो आला होता आबांचा नवा चष्मा द्यायला. गेला तो तिच्या नाकावरचा मातीचा ठिपका डोळ्यांत घेऊन.

मग आबांच्या चष्म्याचा स्क्रू रोज ढिला होऊ लागला, आणि तो आवळायला चष्मेवाला रोज संध्याकाळी हजर!

"मला पण शिकवा की हे खुडणं," तो म्हणायचा.

"बोलायला वेळ नाही. बघून शिका."

"बघतोच आहे..."

"कळ्यांकडे बघा!"

आता कळ्यांचं असं, की शेंड्याला त्यांचा झुबका येतो. मधली ठेवून बाजूच्या खुडल्या, तर देठावर एकच फूल येतं, पण ते केवढं! गेल्या वर्षीच्या फुलात चिमण्यांचं जोडपं बिऱ्हाडाला जागा बघून गेलं. खोटं वाटत असेल तर चिमण्यांना विचारा. अकरा वर्षं फुलांच्या प्रदर्शनातला पहिला नंबर आबांचा. यंदा मात्र पहिल्यांदाच चिमटीच्या नावाने चाळीस कुंड्या जायच्या होत्या. त्यासाठी वर्षभर पोरीने धड झोप घेतली नव्हती.

नाव नोंदवून ती दुपारी परत आली. चष्मेवाला वाफ्याशी हसत उभा. "सरप्राइज! राहिलेल्या वीस कुंड्या मी खुडल्या."

तिने पहिल्या कुंडीत डोकावलं. मधली कळी गायब! दुसरीत... गायब. बाजूच्या मात्र सगळ्या जागच्या जागी. ती एकेक कुंडी बघत रांगेच्या टोकाला पोचली. आबांच्या हातातली झारी पडली, पाणी पायांवरून वाहत गेलं, तरी त्यांना पत्ता नाही.

"काय केलंत हे?" तिने खुडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "नेमकी... नेमकी मधलीच?"

चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक. "पण... तुमच्या कुंड्या बघूनच केलं मी. तुम्ही कालपरवा खुडलेल्या."

"माझ्या? शक्यच नाही!"

ती तरातरा पलीकडच्या रांगेकडे गेली. हाताखालून गेलेल्या कुंडीला ती लाल दोरा बांधायची. वीस कुंड्या, वीस दोरे, गाठ तिचीच. आणि वीसही कुंड्यांत मधली कळी नाही.

दहाव्या वर्षापासून कधी न चुकलेली चिमटी! ती बोटांकडे बघत राहिली. त्या दोन्ही संध्याकाळी तो समोर स्टुलावर बसला होता. बोटं कळ्यांवर होती, आणि डोळे...

"चिमटे," आबा हळूच म्हणाले, "तुझं लक्ष कुठे होतं गं?"

ती कानापर्यंत लाल झाली. उत्तर तेवढ्यातच सगळ्यांना मिळालं. सगळ्यात जास्त हादरली ती स्वतः.

"मग माझंही ऐका," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. "आबा... तो स्क्रू मीच रोज अर्धा फेरा ढिला ठेवून जायचो."

आबांनी चष्मा काढला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग स्क्रूकडे. "अरे लबाडा! परवा वरणात पडला रे तो!"

चिमटीने डोळे पुसले. "माझं प्रदर्शन गेलं," ती म्हणाली. मग हसूच फुटलं तिला, रडता रडता.

"पुढच्या वर्षी मी कुंड्यांना हात लावणार नाही. शप्पथ."

"हात लाव. पण मी खुडत असताना समोर बसायचं नाही."

"मग कुठे बसू?"

तिने मातीच्या हाताने जवळची जागा थोपटली. "इथे. शेजारी... म्हणजे बघायचं झालं, तर आधी कळी सोडून मान वळवावी लागेल."