फियाटची मागची काच

हे सगळं मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. यात ऐकीव काहीच नाही. गाडी माझी आहे आणि त्या दिवशी ती मीच चालवत होतो.

गेल्या डिसेंबरातली पहाट. बारामती-इंदापूर रस्ता.

मी पुष्कर. बारामतीत कॉलेजात शिकवतो. बायको पद्मा इंदापुरात बँकेत आहे, आठवडाभर तिकडेच राहते. म्हणून शनिवारी पहाटे मी आणि आमची श्रिया तिच्याकडे जातो. श्रिया सातवीत आहे.

गाडी जुनी फियाट. कोऱ्हाळे बुद्रुकच्या भिमातात्यांकडून दिवाळीच्या आधी हौसेनं घेतली. पद्मा म्हणाली होती, "हत्ती पाळा त्यापेक्षा."

गाडी झकास होती. खोड एकच.

मागची डावी काच चालत्या गाडीत खाली यायची. श्रिया बसते तीच बाजू. आधी हँडलचा आवाज… कर्र… कर्र… मग गार वारा.

"बाबा, मी नाही हं उघडली," श्रिया दर वेळी सांगायची.

जुन्या गाड्यांचं वेड असलेला आमचा एक गट आहे. दर रविवारी भिगवण रस्त्याला चहा आणि भांडण. तिथं मी काचेचा विषय काढला. गटातला अनय नव्या गाडीवाला, फक्त आम्हाला चिडवायला येतो.

"थंडीत हा डबा रस्त्यावर काढताच कशाला?" तो म्हणाला. "धुक्यात पुढे उसाची ट्रॉली आली, तर ब्रेक लागेपर्यंत इंदापूर येईल."

वडगाव निंबाळकरचे केशवकाका उसळले. "तुझ्या गाडीचा सेन्सर रुसला की तू रस्त्यात बसतुयास. हिला चोक वढायचा, जरा दम धरायचा, की निघाली! जुनं ते सोनं हाय, बाळा." मग माझ्याकडे वळले. "काचंचं काय मनावर घिऊ नका. आतलं दातं झिजलं असत्याल. पाचर मारू."

त्यांनी स्वतः हातोडीनं लाकडाची पाचर ठोकली. काच गच्च बसली.

पण झिजलेली काच धाडकन घसरते. ही सावकाश उतरायची… कुणीतरी हँडल फिरवावं तशी. ते मी बोललो नाही. सगळे हसले असते.

त्या शनिवारी थंडी कडाक्याची होती. श्रियाला खोकला झाला होता. तिला मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून झोपवलं. सगळ्या काचा लावल्या. पाचर दाबून पाहिली. जराही हलली नाही.

रस्त्यावर दाट धुकं. आधी उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू यायची, मग ट्रॅक्टर दिसायचा. मागे श्रियाचा खोकला चालू होता.

लासुर्णे गाव मागे पडलं.

माझी बोटं बधिर झाली. थंडीनं असेल, असं वाटलं. डोकं जड झालं, पण त्याचा त्रास होत नव्हता. कशाचाच होत नव्हता.

गाणी ऐकू येईनाशी झाली. ट्रॅक्टर मात्र शेजारून जात होते…

आणि खोकला थांबला होता.

बरं झालं, पोरीला झोप लागली. एवढंच मनात आलं. मागे वळून बघावं, असंसुद्धा वाटलं नाही.

मग…

कर्र…

कर्र… कर्र…

गार वारा मानेवर आला. मी एकदम खोल श्वास घेतला. गाडी कशीबशी कडेला घेतली.

मागची काच पूर्ण खाली होती.

श्रिया निपचित पडली होती. ओठांचा रंग वेगळाच दिसत होता. तिला बाहेर काढलं, रस्त्यावर बसवलं, हाका मारल्या. किती वेळ गेला, माहीत नाही. मग ती ओकली आणि रडायला लागली.

पाचर पुढच्या सीटवर होती. माझ्या शेजारी. कुणीतरी अलगद ठेवल्यासारखी.

गाडी तिथंच सोडून आम्ही एसटीनं दवाखान्यात गेलो. नंतर अजित मिस्त्रीनं गाडी वर उचलून पाहिली. सायलेन्सरचा पाइप मागच्या सीटखाली कुजला होता. बंद काचांमुळे विषारी वायू आत साठत होता.

"काच उघडी राहिली म्हणून पोरगी वाचली, सर," अजित म्हणाला.

मी मान हलवली. काच उघडी राहिली नव्हती, हे त्याला सांगितलं नाही.

नवा पाइप बसवला. त्यानंतर मागची काच एकदाही उतरली नाही. अनयनं गटात माझी भरपूर टिंगल केली. मीही हसलो.

मग गेल्या शुक्रवारी कॉलेजातून येताना…

कर्र…

या वेळी आवाज मागून आला नाही.

माझ्या उजव्या हाताला गार लागलं. माझ्या बाजूची काच खाली येत होती. मी हँडल धरलं. ते माझ्या मुठीत फिरत राहिलं.

अजितनं गाडी पुन्हा तपासली. काहीही सापडलं नाही.

रविवारी मी कोऱ्हाळ्याला भिमातात्यांकडे गेलो. एकटाच जाणार होतो, पण श्रिया हट्टानं सोबत आली. ओसरीवर आम्ही शेजारी बसलो. मी मागच्या काचेचं सगळं सांगितलं. तात्यांना नवल वाटलं नाही.

"तात्या, या गाडीत कुणी गेलंय का?"

"गाडीत? न्हाय वो." तात्या हसले. "मागची काच आमच्यात बी उतरायची. नातवाच्या बाजूची. तिचं भ्या न्हाय. ती पोरांला जपती."

"कोण ती?"

"काय म्हाईत. आमाला बी ठावं न्हाय."

मग त्यांचं हसू गेलं. ते जरा पुढे सरकले.

"डायवरच्या बाजूची एकदाच उतरली. थोरला भाऊ चालवत हुता. त्याच हप्त्यात गेला. घरी, झोपंत. धडधाकट माणूस… मग म्या गाडी दारात ठिवली न्हाय."

श्रिया माझ्याकडे बघायला लागली.

"पुष्करराव, तुमच्या बाजूची तर न्हाय ना उतरली?"

तिचा हात माझ्या हातावर होता.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या बाजूची कधीच नाही."

"मग झालं तर!" तात्यांनी सुस्कारा सोडला आणि आत हाक मारली, "च्या आणा."

चहा आला. मी कप दोन्ही हातांत धरला. वाफ वर येत होती. श्रियानं बशीत फुंकर मारली, "बाबा, केवढा गरम आहे!" म्हणाली.

माझ्या बोटांना काहीच कळत नव्हतं.